दुखापतीकडून मैदानाकडे : क्रीडावैद्यकाचे कार्य आणि ग्रामीण शाळा

मे 2023 मध्ये शांघाय येथील विश्वचषक धनुर्विद्या स्पर्धेत बुलढाण्याचे युवक धनुर्धर प्रथमेश जवकार यांनी नेदरलँड्सचे नामांकित खेळाडू माईक श्लोसर यांच्यावर 149 विरुद्ध 148 अशी एका गुणाने मात करून सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या पुरुष सांघिक गटात भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या संघातही जवकार होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या या जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक खेळाडू जागतिक विजेतेपदापर्यंत पोहोचतो, ही घटना जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या मैदानाला नवी उमेद देणारी आहे.

परंतु मैदानावर येणाऱ्या मुलामुलींची संख्या जशी वाढते, तशीच मुरगळलेल्या घोट्यांची, सुजलेल्या गुडघ्यांची आणि दुखऱ्या खांद्यांचीही वाढते. यांपैकी बहुतेक दुखापती बऱ्या होण्याजोग्या असतात. तरीही अनेक मुलांचा खेळ त्या एका दुखापतीपाशीच संपतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, हा क्रीडावैद्यकाच्या अभ्यासाचा विषय होय.

शास्त्राची वाटचाल

खेळाडूंच्या आरोग्याचा विचार करणारी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटना 1928 मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे, हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी स्थापन झाली. भारतात 1961 मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तत्पूर्वी 1955 मध्येच मुंबईत हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली होती. अपंगत्व आलेल्या माणसाला पुन्हा हिंडते-फिरते करण्याचे जे शास्त्र तेथे रुजले, तेच खेळाडूला पुन्हा धावते करण्याच्या शास्त्राचे सख्खे भावंड आहे.

अस्थिशल्यचिकित्सक मुख्यतः मोडलेले हाड जुळवितो व तुटलेले बंध शिवतो. क्रीडा व स्नायू-अस्थी वैद्यकाचा डॉक्टर प्रामुख्याने शस्त्रक्रियेवाचून काम करतो. नेमके काय दुखावले आहे ते हाताने तपासून ठरविणे, कोणाला क्ष-किरण चित्राची वा शस्त्रक्रियेची गरज आहे ते निवडणे, आणि उरलेल्यांना मोजूनमापून व्यायाम देत पुन्हा कामावर किंवा मैदानावर आणणे, ही त्याची तीन प्रमुख कामे होत. ‘विश्रांती घ्या’ एवढे सांगून तो थांबत नाही. विश्रांती किती दिवस, त्यानंतर कोणती हालचाल, किती वेळा आणि किती भाराने, हे तो सांगतो. औषधाची मात्रा असते तशीच भाराचीही मात्रा असते, हे या शास्त्राचे मूलसूत्र आहे.

धनुर्धराच्या खांद्याचे उदाहरण घेऊ. कंपाउंड धनुष्य ओढताना सुमारे 27 किलोपर्यंतचा ताण येऊ शकतो. धनुष्याच्या चक्रांमुळे पूर्ण ओढीच्या वेळी तो बराच कमी होत असला, तरी सरावात हीच हालचाल दिवसाकाठी शेकडो वेळा करावी लागते. खांद्याची खोबण उथळ असल्याने त्या सांध्याला स्थिर ठेवण्याची जबाबदारी भोवतालच्या चार लहान स्नायूंवर व पाठीतील फऱ्याच्या हाडावर असते. हे स्नायू थकले की कंडरा घासू लागतात. येथे डॉक्टर केवळ वेदनाशामक गोळी देत नाही. बाणांची संख्या काही काळ घटवून तो फऱ्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम देतो आणि मग टप्प्याटप्प्याने बाण वाढवितो.

घोटा : क्ष-किरण केव्हा?

कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यती यांत सर्वाधिक मुरगळतो तो घोटा. अशा वेळी हाड मोडले आहे काय, ही पहिली शंका असते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी साधे नियम प्रसिद्ध केले. घोट्याच्या आतील वा बाहेरील हाडाच्या खालच्या सहा सेंटिमीटर भागात, मागील कडेवर किंवा टोकावर, दाबल्यास दुखत असेल; पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावरील उंचवट्यावर किंवा आतील बाजूच्या कमानीवरील हाडावर दाबल्यास दुखत असेल; अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. यांपैकी काहीही नसेल तर अस्थिभंगाची शक्यता अत्यल्प असते.

तालुक्याचे रुग्णालय दूर असलेल्या गावात या नियमांचे मोल मोठे आहे. कोणाला त्याच दिवशी न्यायचे आणि कोणाची गावातच काळजी घ्यायची, याचा निर्णय त्यामुळे सुकर होतो. अस्थिभंग नसलेल्या घोट्यास पहिले दोन-तीन दिवस आधार, पट्टी आणि पाय उंच ठेवणे पुरेसे असते. या काळात जोराने चोळणे, गरम शेक देणे वा ‘ओढून बसविणे’ कटाक्षाने टाळावे, कारण त्याने आतील रक्तस्राव व सूज वाढते. त्यानंतर मात्र पाय जखडून न ठेवता सोसेल तितके चालणे आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव सुरू करावा. हा सराव न झाल्यास तोच घोटा पुनःपुन्हा मुरगळतो.

गुडघा : हरवणारी मुलगी

खो-खोमध्ये वेगाने दिशा बदलताना किंवा कबड्डीत पकडीतून सुटताना पाय जमिनीवर रोवला जातो आणि शरीर वळते. त्या क्षणी गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज जाणवला, दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला आणि पुढे चालताना तो दगा देऊ लागला, तर सांध्यातील पुढचा अस्थिबंध तुटल्याची दाट शंका घ्यावी. सारख्याच खेळात ही दुखापत मुलांपेक्षा मुलींत कितीतरी अधिक आढळते.

या दुखापतीतील धोका असा, की दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते, मुलगी चालू लागते आणि ती बरी झाली असे सर्वांना वाटते. तिला पुन्हा खेळविले जाते, गुडघा पुन्हा निसटतो आणि आतील कूर्चेच्या गाद्या फाटतात. शेवटी पालक खेळ बंद करवितात. खरे पाहता वेळीच निदान झाल्यास नियमित व्यायामाने, तर काहींच्या बाबतीत शस्त्रक्रिया व व्यायाम यांनी, गुडघा पुन्हा भरवशाचा होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर मात्र किमान नऊ महिने आणि दुखऱ्या पायाची शक्ती दुसऱ्या पायाच्या किमान नऊ-दशांश होईपर्यंत स्पर्धेत उतरू नये.

यांतील पुष्कळशा दुखापती टाळता येतात, ही आशेची बाब होय. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या 1892 फुटबॉलपटू मुलींवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावापूर्वी वीस मिनिटे धावणे, उड्या, तोल आणि मांड्यांच्या शक्तीचे ठरावीक व्यायाम करणाऱ्या मुलींत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. या व्यायामांना कोणतेही यंत्र लागत नाही. उडीनंतर गुडघे आत न वळविता, ते वाकवून अलगद उतरण्याची सवय कोणत्याही शाळेच्या मातीच्या मैदानावर लावता येते.

भरतीची धाव आणि नडगीचे हाड

घाटावर काय आणि घाटाखाली काय, पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. पोलीस भरतीत युवकांना 1600 मीटर व युवतींना 800 मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की सराव एकाएकी दुप्पट होतो आणि काही आठवड्यांत नडगी दुखू लागते.

हे दुखणे नवे नाही. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्येच कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले होते. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर, 1897 मध्ये, ते हाडाला गेलेले बारीक तडे आहेत असे दिसून आले. हाड हे सजीव असते. भार वाढला की ते स्वतःला बळकट करते, परंतु त्यास वेळ लागतो. भार त्याहून वेगाने वाढला तर तडा जातो. नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी वेदना होणे, त्या पायावर उडी मारताना कळ येणे आणि रात्री ठणकणे ही त्याची लक्षणे होत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. म्हणून ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर पुन्हा धावणे धोक्याचे ठरते. सहा ते आठ आठवडे धावणे थांबविल्यास असे बहुतेक तडे भरून येतात. गोळी घेऊन धावत राहिल्यास पूर्ण अस्थिभंग होऊन भरतीचे वर्षच हातचे जाऊ शकते.

मैदानापलीकडे

हेच ज्ञान शेतातही उपयोगी पडते. कापसाची वेचणी, निंदण आणि सोयाबीनची सोंगणी यांत तासन् तास वाकून राहावे लागते. कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांना महागड्या चित्रांची गरज नसते, आणि दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे हितापेक्षा अहिताचेच ठरते. हिंडतेफिरते राहणे, कामात मधूनमधून पाठ सरळ करणे व पाठीचे स्नायू बळकट करणे हाच खरा उपाय. मात्र पायातील शक्ती जाणे, लघवी अडणे, ताप येणे किंवा मोठ्या पडझडीनंतर वेदना सुरू होणे ही लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे.

शाळा आणि पंचायतीचे कार्य

ऑक्टोबर 2024 मध्ये बुलढाणा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कार्याचा औपचारिक प्रारंभ झाला. जिल्ह्याच्या वैद्यकीय सेवेतील हे महत्त्वाचे पाऊल असले, तरी दुखापत घडते त्या क्षणी मैदानावर डॉक्टर नसतो, शिक्षक असतो. म्हणून काही गोष्टी शाळा व ग्रामपंचायत यांनी आपल्याकडे घेणे अगत्याचे आहे. मैदानातील खडे व खड्डे काढून माती भुसभुशीत ठेवणे, खो-खोचे खांब गुळगुळीत राखणे, प्रत्येक सरावापूर्वी वीस मिनिटांचे व्यायाम घेणे आणि प्रथमोपचार पेटीत पट्ट्या व लाकडी आधार ठेवणे, ही कामे अल्प खर्चात होण्याजोगी आहेत. मान दुखावलेल्या खेळाडूस न उचलता, न हलविता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, हे प्रत्येक शिक्षकाने जाणले पाहिजे.

याखेरीज एक साधी वहीही ठेवावी. कोणाला, केव्हा, कोणत्या खेळात दुखापत झाली आणि ते मूल पुन्हा खेळू लागले की नाही, एवढेच तीत नोंदवावे. वर्षअखेरीस ती वही उघडली असता मैदानाचा कोणता कोपरा व सरावाची कोणती पद्धत मुलांना दुखावते, ते आपोआप ध्यानात येईल. आणि जे मूल परत आले नाही, त्याच्या घरी जाऊन चौकशी करण्याचे स्मरणही तीच वही देईल. विजेत्याचा गौरव सारा जिल्हा करतोच. दुखावलेल्या मुलाला पुन्हा मैदानावर आणण्याचे काम मात्र गावालाच करावे लागेल.