मुसाफिर म्हणजे पाहुणा

(प्रस्तुत पाठात अल्बानिया या युरोपातील डोंगराळ देशाची उन्हाळी सहल नकाशावर आखली आहे. सहल आखताना कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो आणि त्या देशातील लोक पाहुण्याला किती मानतात, हे या पाठातून कळते.)

मुलांनो, युरोपचा नकाशा समोर घ्या. इटली हा देश बुटाच्या आकाराचा आहे. तो चटकन सापडतो. त्या बुटाच्या टाचेसमोर, समुद्राच्या पलीकडच्या काठावर, एक चिंचोळा देश दिसेल. तो अल्बानिया. चला, आज आपण तेथील सहल आखू या. प्रत्यक्ष जाणे होईल तेव्हा होईल. नकाशावर फिरायला पैसे पडत नाहीत.

अल्बानियाचे क्षेत्रफळ 28,748 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक-दशांशापेक्षाही कमी. नकाशावर पट्टी ठेवून अंतरे मोजली, तर तीन-चार दिवसांत सारा देश पाहून होईल, असे वाटते. पण हा हिशेब फसवा आहे. देशाचा बहुतेक भाग डोंगरांनी व्यापलेला आहे. पट्टी सरळ जाते. रस्ता मात्र डोंगराला वळसे घालत जातो. म्हणून अल्बानियात अंतर किलोमीटरने मोजू नये, तासांनी मोजावे.

पहिला प्रश्न, जायचे केव्हा? आपली उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात असते. पण मे महिन्यात तेथील उंच खिंडींत बर्फ साचलेले असते. डोंगरात हिंडण्याचे दिवस जून ते सप्टेंबर. तोपर्यंत आपल्या शाळा सुरू होतात! तेव्हा मधला मार्ग काढावा लागेल. आपण जूनचा पहिला आठवडा धरू. बर्फ वितळले नसेल, तर काय करायचे, तेही आधीच ठरवून ठेवू.

पासपोर्ट हवाच. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच चौकशी करावी. तेथील चलनाचे नाव लेक. डोंगरातील गावांत रोख पैसेच उपयोगी पडतात. सामानात लोकरीचा स्वेटर व चांगले बूट घ्यावेत. समुद्रकाठी भर उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात आणि त्याच दिवशी डोंगरात रात्री थंडी वाजते.

विमान तिराना या राजधानीच्या शहरी उतरते. विमानतळाला मदर तेरेसा यांचे नाव दिले आहे. आपण त्यांना कोलकात्याच्या म्हणून ओळखतो, पण त्यांचे आईवडील अल्बानियन वंशाचे होते. घड्याळ साडेतीन तास मागे घ्यायचे, की आपण तिरानातले झालो.

तिरानाच्या मुख्य चौकाजवळ एथेम बे मशीद आहे. तिच्या भिंतींवर झाडे, पूल आणि धबधबे रंगवलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर या देशात कम्युनिस्ट राजवट आली. 1967 साली तिने सर्वच धर्मांच्या आचरणावर बंदी घातली. मशिदी बंद झाल्या आणि चर्चही बंद झाली. त्या काळात सामान्य माणसाला देशाबाहेर जाता येत नसे. स्वतःची मोटारसुद्धा बाळगता येत नसे. जानेवारी 1991 मध्ये हजारो लोक जमले आणि परवानगीची वाट न पाहता त्यांनी या मशिदीत प्रवेश केला. मशिदीशेजारी घड्याळाचा उंच मनोरा आहे. त्याला 'सहात कुला' असे म्हणतात. सहात हा शब्द ओळखीचा वाटला ना? उर्दूतील 'साअत' तो हाच. असे आणखी काही शब्द पुढे भेटतील.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला श्कोदर गावी जाऊ. गावाबाहेर टेकडीवर रोझाफा नावाचा किल्ला आहे. त्याची एक लोककथा सांगतात. तीन भाऊ किल्ला बांधत होते. दिवसभर बांधलेली भिंत रात्री कोसळे. एक म्हातारा म्हणाला, "उद्या तुमच्यापैकी जिची बायको जेवण घेऊन येईल, तिला भिंतीत चिणा, भिंत टिकेल. पण घरी कोणी काही बोलू नका." तिघांनी वचन दिले. थोरल्या दोघांनी ते मोडले आणि आपापल्या बायकांना सावध केले. धाकट्याने मात्र पाळले. सकाळी जेवण घेऊन त्याचीच बायको आली. सारे समजल्यावर ती म्हणाली, "माझा उजवा हात आणि उजवा पाय बाहेर राहू द्या. मला बाळाला थोपटता येईल आणि त्याचा पाळणा हलवता येईल."

गोष्ट क्रूर आहे. वचन मोडणारे सुखरूप राहिले आणि जिने कोणाचे काही बिघडवले नव्हते, तिचा जीव गेला. तरीही अल्बानियात ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दिलेल्या शब्दाला तेथे 'बेसा' म्हणतात. बेसा म्हणजे काय आणि तो पाळताना केवढी किंमत मोजावी लागते, हे मुलांना या कथेतून कळते.

श्कोदरहून कोमान धरणापर्यंतचे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरच आहे, पण गाडीला सुमारे दोन तास लागतात. पट्टीचा हिशेब येथे चुकतो, तो असा! पुढे द्रिन नदीवरील जलाशयातून बोटीने जायचे. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून अरुंद, हिरवे पाणी. सुमारे तीन तास बोट वळणे घेत जाते. पुढे वाटच नाही असे वाटते, इतक्यात कडे बाजूला होतात आणि वाट दिसते. काठावरील काही वाड्यांना रस्ता नाही. तेथील माणसे पिठाची पोती घेऊन याच पाण्याच्या वाटेने घरी जातात. आपल्यासाठी ती सहल. त्यांच्यासाठी ती रोजची एस.टी.

बोटीतून उतरून गाडीने वाल्बोना खोऱ्यात मुक्काम करू. दुसऱ्या दिवशी पायी खिंड ओलांडून थेथ गावी जायचे. खिंड सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर 1,646 मीटर उंच आहे. खिंड त्याहून उंच. चालायला सहा ते आठ तास लागतात. दगडांवर लाल-पांढऱ्या रंगाच्या खुणा केलेल्या असतात. सकाळी लवकर निघावे. आता आपला ठरलेला प्रश्न: बर्फ असेल तर? गावातील माणसाला विचारायचे. तो "जाऊ नका" म्हणाला, तर जायचे नाही. आल्या वाटेने श्कोदरला परतायचे आणि तेथून मोटारीने थेथला जायचे. यात एक दिवस जास्त जातो. म्हणून योजनेत एक दिवस रिकामा ठेवावा. हा रिकामा दिवस फुकट गेला असे समजणारा माणूस डोंगरात नेऊ नये.

थेथ गावात दगडी बुरूज आहे. त्याच्या खिडक्या अगदी लहान आहेत. पूर्वी या डोंगरांत खुनाचा बदला खुनाने घेण्याची रूढी होती. ज्याच्या जिवावर कोणी उठले असेल, तो अशा बुरुजात आश्रय घेई. याच डोंगरांतील रूढीनियमांत पाहुण्याचे स्थान फार मोठे होते. दार ठोठावणारा शत्रू असला, तरी घरात आल्यावर तो पाहुणा. त्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची.

ही केवळ सांगायची गोष्ट नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, जर्मन सैन्य अल्बानियात आले. ते ज्यूंना शोधत होते. तेव्हा अनेक मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यूंना आपल्या घरांत लपवले. त्यांना आपल्यासारखे कपडे दिले, आपल्यातली नावे दिली. पकडले गेले असते, तर सारे घर मारले गेले असते. युद्ध संपले, तेव्हा त्या देशात ज्यूंची संख्या युद्धापूर्वीपेक्षा जास्त होती.

आता शब्दांकडे वळू. अल्बानियावर सुमारे पाच शतके तुर्कांचे राज्य होते. 1912 साली देश स्वतंत्र झाला. पण तुर्कांबरोबर आलेले अरबी-फारसी शब्द तेथेच राहिले. दुकानाला तेथे 'द्युचान' म्हणतात. हिशेबाला 'हेसाप', साबणाला 'सापून'. उर्दूतील शकर, मराठीतील साखर, ती तेथे 'शेचेर'. खिशाला ते 'जेप' म्हणतात. तुम्ही जेब म्हणता, त्यात आणि यात फरक तो किती?

पण एका शब्दाचा अर्थ प्रवासात बदलला. आपण वाटेने जाणाऱ्याला मुसाफिर म्हणतो. अल्बानियात 'म्युसाफिर' म्हणजे घरी आलेला पाहुणा. तुम्ही थेथच्या एखाद्या घरात मुक्कामाला थांबाल, तेव्हा दोन्ही अर्थांनी मुसाफिर असाल. ही घरे शेतकऱ्यांची असतात. जेवणात घरचे चीज, मध आणि भाजलेली भाकरी मिळते. पैसे द्यायचे असतात, आणि ते नीट द्यावेत. हिवाळ्यात बर्फ पडले की या लोकांची ही कमाई थांबते.

एक सूचना विसरू नका. जेवण झाल्यावर डोंगरी चहा येईल. दुसरा पेला हवा का, असे घरची आजी विचारील. तिच्या पिढीत मान आडवी हलवली, तर त्याचा अर्थ 'हो' होतो, आणि वर केली, तर 'नको'! तेव्हा मान स्थिर ठेवावी आणि तोंडाने म्हणावे, "पो." पो म्हणजे हो. चहा मिळेल.

स्वाध्याय

प्र. 1. अल्बानियात अंतर तासांनी का मोजावे?

प्र. 2. सहलीच्या योजनेत एक दिवस रिकामा का ठेवला आहे?

प्र. 3. रोझाफाच्या कथेतील धाकट्या भावाचे वागणे तुम्हांला योग्य वाटते का? पाच-सहा वाक्यांत लिहा.

प्र. 4. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत वेगळा आहे, ते सांगा.