‘अंतर्गत प्रश्न’ आणि बॅरिस्टर छागला

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा तत्कालीन मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि आपला बीड जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला. त्या वेळी तेथे मुख्य न्यायाधीश होते महंमद अली करीम छागला. वकील, न्यायाधीश, राजदूत आणि केंद्रीय मंत्री अशा त्यांच्या जीवनप्रवासातील एक प्रसंग आंबेडकरी समाजाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे.

छागला यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत एका खोजा कुटुंबात झाला. ऑक्सफर्डला इतिहासाचे अध्ययन करून आणि बॅरिस्टर होऊन १९२२ मध्ये ते परतले. बॅ. जिना यांच्या हाताखाली त्यांनी वकिलीचे धडे घेतले. परंतु १९२८ मध्ये नेहरू अहवालाच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग वेगळे झाले. वकिलीची सुरुवातीची वर्षे ओढाताणीचीच होती. याच काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापन करीत. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्यांचे सहकारी होते. १९४१ मध्ये छागला उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

आता तो प्रसंग. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तक्रार मांडली. तेथील भारतीयांना जमीन व वस्तीच्या बाबतीत कायद्यानेच वेगळे पाडले जात होते. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळात न्या. छागला होते. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांचा बचाव एकच होता : हा आमच्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, त्यात जगाने पडू नये. माणसाच्या मूलभूत हक्कांचे उल्लंघन हा केवळ अंतर्गत प्रश्न राहत नाही, ही भारताची भूमिका होती. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताच्या बाजूचा ठराव संमत झाला. त्या वेळी भारत अद्याप स्वतंत्रही झाला नव्हता.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डू बॉइस यांना पत्र पाठविले होते. कृष्णवर्णीयांनी राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाची प्रत त्यांनी मागविली. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे नेण्याचा विचार त्यामागे होता. एकाच महाविद्यालयात शिकविलेले हे दोन कायदेपंडित त्या वर्षी वेगवेगळ्या वाटांनी एकाच दाराकडे पाहत होते.

पुढे १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणाची चौकशी छागलांनी लोकांसमोर खुली चालविली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. त्यानंतर १९५८ ते १९६१ ते अमेरिकेत राजदूत, १९६२-६३ मध्ये इंग्लंडमध्ये उच्चायुक्त होते. शिक्षणमंत्री असताना १९६४ मध्ये कोठारी आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना उच्च शिक्षणातील माध्यमाच्या धोरणाशी मतभेद होऊन त्यांनी राजीनामा दिला. इंग्रजी घाईने हटविणे त्यांना मान्य नव्हते. मराठी माध्यमात शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचे सारेच म्हणणे पटत नाही. पण मतासाठी मंत्रिपद सोडणारे किती? आणीबाणीलाही त्यांनी उघड विरोध केला. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

इतिहासाचा विद्यार्थी मात्र येथे थांबू शकत नाही. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतीलच डर्बन शहरात वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. जातिभेदाचा विषय तेथे यावा म्हणून दलित कार्यकर्ते झटले. भारत सरकारने त्याला विरोध केला आणि जात हा देशाचा अंतर्गत प्रश्न ठरविला. १९४६ मध्ये आपण जो बचाव खोडून काढला, तोच पंचावन्न वर्षांनी आपण स्वीकारला.

हा बचाव केवळ सरकारेच करतात असे नाही. अत्याचाराची फिर्याद देण्यास निघालेल्या कुटुंबाला ‘गावातले गावात मिटवा’ असे सांगितले जाते, तेव्हा तोच युक्तिवाद मराठीत बोलला जात असतो. त्याला उत्तर देण्यासाठी कायदा ठाऊक असलेला, न डगमगता बोलणारा माणूस त्या कुटुंबापाशी उभा असावा लागतो.

आईवडील ऊसतोडीला गेलेले असताना वसतिगृहात राहून, एकमेकांना सांभाळत शिकलेली मुले आज वकील, शिक्षक, अधिकारी झाली आहेत. त्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे : आपल्या तालुक्यातील अशा एका तरी कुटुंबासोबत ठाण्यापर्यंत आणि न्यायालयापर्यंत जा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या शिकवणीचा तो प्रत्यक्ष पाठ ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!