कॅमेरा बंद ठेवणारी मुलगी

प्रश्न : 2020 मध्ये, कोरोनामुळे कॉलेज ऑनलाइन असताना, मी प्रथम वर्षाला होते. मासवणला एका खोलीचं घर, मागे आईचा स्वयंपाक. म्हणून कॅमेरा बंदच. घरात रेंज गेली की सूर्या नदीकाठी जाऊन बसायचे. ‘लक्ष नाही’ असं सर म्हणाले. आता बोईसरला नोकरी करते, पण ऑनलाइन मीटिंगमध्ये अजून छाती धडधडते. मी आळशी होते का?

उत्तर : नाही. रेंजसाठी नदीकाठ गाठणारी मुलगी आळशी कशी असेल? राज्यातली महाविद्यालयं 20 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा उघडली, तोवर तुमचं पहिलं वर्ष मोबाइलच्या पडद्यावरच सरलं होतं. बाकावरच्या मैत्रिणीला कोपर मारून ‘काय म्हणाले गं?’ विचारण्याची सोय नव्हती. ती सोबत हरवल्याचं दुःख खरं आहे, त्याला क्षुल्लक म्हणू नका.

ऑनलाइन मीटिंगचा ताणही फक्त तुम्हालाच येतो असं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ मीटिंगने येणाऱ्या थकव्याची कारणं मांडली : सतत रोखलेले चेहरे, स्वतःचीच छबी समोर, जागचं न हलणं, हावभाव ओळखताना मेंदूवर पडणारा ताण. शिवाय आवाज सेकंदभर उशिरा पोचला, तरी ऐकणाऱ्याला समोरची व्यक्ती बेफिकीर वाटते, असं जर्मन संशोधकांना 2014 मध्ये आढळलं. सरांचा तोच गैरसमज झाला असावा.

मीटिंगमध्ये स्वतःची चौकट लपवा. तशी सोय बहुतेक ॲपमध्ये असते. सुरुवातीलाच एखादं वाक्य बोलून टाका, वाट पाहण्यातच धडधड वाढते. तरीही झोप उडत असेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे.