जुन्या भिंतीवरचे नवे ओझे

वाईच्या आमच्या वडिलोपार्जित वाड्याला मागील अंगास एक खोली, न्हाणीघर आणि त्यांवर पाण्याची टाकी जोडण्याचा बेत मी केला, तेव्हा घरातील वृद्धांना पावसाळ्यात रात्री परसात जावे लागू नये आणि नवे काम जुन्यात बेमालूम मिसळून जावे, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून सोप्यातील लाकडी महिरपींची सिमेंटमध्ये हुबेहूब नक्कल करविली, स्लॅबची एक कड जुन्या भिंतीत खोबणी पाडून टेकविली, आणि भिंतीचा बाहेरील चुना खरवडून तिला सिमेंटचा गिलावा दिला. नगरपालिकेची मंजुरी रीतसर हाती असल्यामुळे यात काही गैर घडत असेल अशी शंकाही मला शिवली नाही.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर माजघराचा कडीपाट एका कोपऱ्यात काळवंडला. आमच्या वयोवृद्ध सुतारांनी शिडीवर चढून, तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे पटाशी टेकविली, तो पिढ्यान्‌पिढ्या माळ्याचा भार वाहिलेल्या त्या सागवानात ती दोन बोटे सहज रुतली. खाली उतरून ते एवढेच म्हणाले, "भाऊसाहेब, भिंतीचं तोंड बांधलंत, आता तिनं ओल टाकायची कुठं?"

विटामातीची जुनी भिंत पावसात ओल घेते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती सावकाश बाहेर टाकते. सिमेंटच्या घट्ट थराने ही वाट बंद झाली, आणि स्लॅबच्या सांध्यातून झिरपलेले पाणी तुळईच्या टोकाशी मुरत राहिले. त्यात हजार लिटरच्या टाकीतील नुसत्या पाण्याचेच वजन एक टन. तो भार जिच्यासाठी कधी योजलाच नव्हता, त्या भिंतीला खोबणीपासून तिरपी भेग गेली.

म्हणून ज्यांना जुन्या वास्तूत भर घालणे प्राप्त आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे असे, की नव्याने जुन्यावर ओझे टाकू नये: त्याचा पाया स्वतंत्र असावा, मध्ये हातभर मोकळी जागा असावी, आणि जाण्यायेण्यास नवे भगदाड न पाडता असलेल्याच दारातून हलकी पडवी काढावी. जागा मागील बाजूची, उंची जुन्या वळचणीखालची, आणि पाण्याचा उतार वाड्यापासून दूर जाणारा असावा. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा, आणि हात लावण्यापूर्वी मोजमापे व छायाचित्रे यांचे दप्तर करून ठेवावे. नकलेचा मोहही टाळावा. १९६४च्या व्हेनिस सनदेने मूळ वास्तूचे लक्षणीय भाग, तिच्या रचनेचा समतोल आणि भोवतालाशी असलेले नाते यांस बाध आणणारी भर निषिद्ध मानली आहे, आणि जीर्णोद्धारात घातलेला नवा भाग मूळ रचनेशी सुसंगत, तरीही तिच्याहून वेगळा ओळखू यावा असे म्हटले आहे. संरक्षित स्मारक जवळ असेल तर कायदा आधी पाहावा. केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते.

आम्ही ती स्लॅब उतरविली, टाकी अंगणात स्वतंत्र चौथऱ्यावर नेली आणि भिंतीला पुन्हा चुना दिला. तुळईचे कुजलेले टोक कापून तेथे नव्या सागाचा जोड बसविला, तेव्हा सुतारांनी रंगाचा डबा पुढे केला. मी तो परत ठेवावयास सांगितला. तो फिकट जोड आजही माजघरात मान वर करताच दिसतो, आणि मुलांनी विचारले म्हणजे ही सारी हकीकत मी त्यांना सांगतो.