संगणकातील तात्पुरती साठवण



यार्डात ऊस गाळपापुरताच थांबतो. लिनक्स संगणकातला 'टीएमपी' फोल्डरही तसाच, कामापुरता.

२०२५ साली आलेली डेबियन १३ नव्याने बसवली, तर हा फोल्डर रॅममध्ये असतो. संगणक बंद केला की आतले सारे जाते. चालू ठेवला तरी १० दिवस हात न लागलेली फाईल आपोआप पुसली जाते. 'व्हार'मधला दुसरा 'टीएमपी' डिस्कवर असतो. तिथे मुदत ३० दिवसांची.

मोठ्या फाईलीही टीएमपीत नकोत. रॅम अडते, संगणक रखडतो.

म्हणून लागवड-तोडणीचा हिशेब 'होम' फोल्डरमध्येच ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. गेलेला हिशेब पुन्हा मिळायचा नाही.

— ऊस विकास अधिकारी