संगणकाची बूट डिस्क बदलताना

हैदराबाद शहर आणि मराठी भाषा यांचा संबंध जुना आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, तोपर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते. पुढे राज्ये वेगळी झाली. परंतु विवेकवर्धिनीसारख्या शिक्षणसंस्था, मराठी साहित्य परिषद आणि तिचे ‘पंचधारा’ हे नियतकालिक यांमुळे मराठीचे लेखनवाचन त्या शहरात चालू राहिले. संगणकाशीही या शहराचे नाते जुने आहे. 1967 साली येथे स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक उपक्रमाने टीडीसी मालिकेतील भारतीय संगणक तयार केले.

आज संगणक घरोघरी आहेत. सिकंदराबादच्या पार्क लेन भागातील चिनॉय ट्रेड सेंटर या बाजारात संगणकाचे सुटे भाग मिळतात. जुना संगणक मंद झाला की त्यातील फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे हा अनेकांना परवडणारा उपाय असतो. विंडोज 10 या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यानेही असे बदल करण्याचे प्रसंग वाढले आहेत. मात्र डिस्क बदलणे म्हणजे बल्ब बदलणे नव्हे. तिच्यावर संगणक सुरू होण्याची व्यवस्था असते आणि घरातील वर्षानुवर्षांचे लेखनही असते.

केवळ नक्कल का पुरत नाही ?

संगणकाचे बटण दाबताच मुख्य पट्टीवरील, म्हणजे मदरबोर्डवरील, एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो डिस्कवरील ठरावीक जागी प्रारंभाचा प्रोग्राम शोधतो आणि त्याच्या हाती काम सोपवितो. मग विंडोज किंवा लिनक्स सुरू होते. ही जागा बहुधा वेगळ्या, नेहमी न दिसणाऱ्या भागात असते. म्हणून दिसतील तेवढ्या फायली नव्या डिस्कवर उतरविल्या, तरी त्या डिस्कवरून संगणक सुरू होत नाही.

यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग क्लोनिंगचा. यात सर्व भागांसह संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढली जाते. दुसरा मार्ग नव्या डिस्कवर प्रणाली नव्याने बसवून नंतर फायली आणण्याचा. जुनी प्रणाली निरोगी असल्यास पहिला मार्ग सोयीचा. तीत विषाणू किंवा सततचे बिघाड असल्यास दुसरा श्रेयस्कर, कारण क्लोनमध्ये दोषांचीही नक्कल होते.

आधीची तयारी

प्रथम आकारमान पाहावे. 500 जीबीची डिस्क संगणकात सुमारे 465 जीबी दिसते, तर 480 जीबीची एसएसडी सुमारे 447 जीबी. तेव्हा जुन्या डिस्कवरील भाग लहान करता येतात की नाही, हे क्लोनिंगपूर्वी तपासावे लागते.

दुसरी बाब डिस्कच्या मांडणीची. एमबीआर ही जुनी पद्धत सामान्यतः 2 टीबीपर्यंतच उपयोगी पडते. विंडोज 11 साठी जीपीटी ही नवी पद्धत लागते. येथे हेही ध्यानात ठेवावे की, प्रोसेसर किंवा टीपीएम 2.0 यांच्या अटी पूर्ण न करणारा संगणक केवळ नव्या डिस्कमुळे विंडोज 11 ला पात्र ठरत नाही.

तिसरी बाब बिटलॉकरची. डिस्क कूटबद्ध असेल, तर तिची 48 अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. ती हरवल्यास स्वतःच्याच फायली कायमच्या कुलूपबंद होऊ शकतात.

चौथी व सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे बॅकअप. आवश्यक फायलींची वेगळी प्रत तिसऱ्या जागी, उदाहरणार्थ बाहेरील डिस्कवर, असली पाहिजे. क्लोनिंग करताना कोणती डिस्क जुनी व कोणती नवी याची गल्लत झाली, तर रिकाम्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होते. तेव्हा कोणताही तंत्रज्ञ मदतीस येऊ शकत नाही.

मराठी फायलींची विशेष काळजी

अनेक शिक्षक, लेखक व कार्यालये यांचे जुने मराठी लेखन युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. अशा फायलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. प्रणाली नव्याने बसविली आणि तो फॉन्ट आणला नाही, तर मजकूर शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. ती फाईल बिघडली असे समजून कोणी पुसून टाकली, तर हानी खरी होते.

म्हणून जुन्या विंडोज फोल्डरातील फॉन्ट आणि मराठी सॉफ्टवेअरचा परवाना क्रमांक आधी जपून ठेवावा. शक्य तेथे फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे व रफार तपासून घ्यावेत. युनिकोडमधील मजकूर एका विशिष्ट फॉन्टवर अवलंबून राहत नाही.

प्रत्यक्ष बदल

सेकंदाला 100 मेगाबाईट वेगाने 200 जीबीची नक्कल होण्यास सुमारे 33 मिनिटे लागतात, यूएसबी 2.0 जोडणीवर हेच काम दीड तासाहून अधिक चालते. या काळात वीज जाऊ नये म्हणून यूपीएसची सोय असावी. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा.

नक्कल पूर्ण होताच संगणक बंद करून जुनी डिस्क सोडवावी आणि केवळ नव्या डिस्कवर तो सुरू करावा. दोन्ही जोडलेल्या राहिल्यास संगणक जुन्याच डिस्कवर चालू राहतो आणि बदल यशस्वी झाल्याचा भ्रम होतो. नंतर जुनी डिस्क जोडावयाची झाल्यास बायोसमधील बूट क्रमात नवी डिस्क प्रथम ठेवावी. मग मराठी टंकलेखन, प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरी आणि काही जुन्या फायली उघडून पाहाव्यात.

जुन्या डिस्कचे काय करावे ?

निदान एक महिना ती जशीच्या तशी ठेवावी. नव्या यंत्रातील काही दोष पहिल्या काही आठवड्यांत उघड होतात. तेव्हा जुनी डिस्क हाच आधार असतो. ती पुढे देऊन टाकावयाची असल्यास आधी पूर्णपणे पुसावी, कारण साध्या फॉरमॅटनंतरही बराच मजकूर परत मिळविता येतो. निकामी डिस्क भंगारात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावी. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा हेतूही अशा कचऱ्याची योग्य विल्हेवाट लागावी हाच आहे.

डिस्क पुन्हा विकत घेता येते, परंतु तिच्यावरील पत्रे, टिपणे, छायाचित्रे आणि शाळेच्या नोंदी बाजारात मिळत नाहीत. नवी डिस्क कसोटीला उतरेपर्यंत जुनीला हात न लावणे, हाच या कामातील पहिला आणि शेवटचा नियम होय.