दुपारी उतरणारे पक्षी

पक्षी पाहायचे तर पहाटे उठावे, हे आपल्याकडे कोणीही सांगेल. पण अमेरिकेत टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर हाय आयलंड नावाचे एक लहानसे गाव आहे. एप्रिलमध्ये तेथे पक्षिनिरीक्षणाच्या सहलीला गेलात, तर मार्गदर्शक म्हणेल, "सकाळी घाई नको. खरी गंमत दुपारी एकनंतर." असे का, हे समजायला थोडे भौतिकशास्त्र आणि थोडा भागाकार एवढे भांडवल पुरते.

प्रथम जागा पाहू. नावात आयलंड असले तरी हे बेट नव्हे. सपाट दलदलीतून सुमारे १० मीटर वर आलेला हा उंचवटा आहे. त्याच्या पोटात मीठ आहे! जुरासिक काळात साचलेल्या मिठाच्या थरावर पुढे गाळाचे प्रचंड थर चढले. खोलवर दबलेल्या गाळाची घनता मिठापेक्षा जास्त, म्हणून पाण्यात लाकूड वर यावे तसे मीठ लाखो वर्षांत हळूहळू वर सरकले आणि त्याने जमीन उचलली. आर्किमिडीजचे तत्त्व केवळ पाण्याच्या भांड्यातच चालते असे नाही. दलदलीत मोठी झाडे तग धरत नाहीत. या उंचवट्यावर मात्र ओक, हॅकबेरी, तुती यांची दाट राई आहे. समुद्राकडून येणाऱ्याला दिसणारी ही पहिली मोठी सावली.

आणि येणारे येतात कोठून? मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातून, मेक्सिकोचे आखात ओलांडून. अंतर सुमारे १००० कि.मी. वाटेत ना झाड, ना खडक. हे प्रवासी म्हणजे जेमतेम १० ग्रॅमचे वॉर्बलर, लालभडक टॅनेजर, निळे बंटिंग आणि बाल्टिमोर ओरिओल. (हा ओरिओल रंगाने आपल्या हळद्याची आठवण करून देतो, नात्याने मात्र दोघे दूरचे.) शिवाय ३ ग्रॅमचा हमिंगबर्डही त्यांत असतो.

आता हिशेब. वॉर्बलर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात निघतो. हवेच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी ३५ कि.मी. धरू. दक्षिणेचा वारा पाठीशी ताशी २० कि.मी. वेगाने वाहत असेल, तर जमिनीच्या सापेक्ष वेग ५५ होतो. १००० ला ५५ ने भागा: सुमारे १८ तास. संध्याकाळी सातला निघालेला पक्षी दुसऱ्या दिवशी दुपारी एकला किनाऱ्यावर! मार्गदर्शकाचे म्हणणे असे घड्याळाबरहुकूम जुळते.

इंधनाचे काय? एक ग्रॅम चरबीतून सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा मिळते. पिष्टमय पदार्थातून १७ च. उडणाऱ्याने चरबी का साठवावी, हे उघड आहे. शिवाय चरबीच्या ज्वलनात जवळजवळ तिच्याच वजनाइतके पाणी तयार होते. उड्डाणाला १.२ वॅट शक्ती लागते असे मानू. म्हणजे तासाला ४.३२ किलोज्यूल, एक ग्रॅम चरबी नऊ तास पुरते. निघताना पक्ष्याजवळ ३ ग्रॅम असेल तर शिदोरी २७ तासांची. प्रवास १८ तासांचा. नऊ तास हाताशी राहतात, आणि पक्षी किनाऱ्यावर थांबतच नाही! तो वरूनच आत जातो आणि दूरच्या अरण्यात उतरतो. अशा स्वच्छ दिवशी हाय आयलंडच्या राईत शुकशुकाट असतो.

पण एप्रिलमध्ये कधी कधी उत्तरेकडून थंड हवेची आघाडी येते. थंड हवा जड. ती उबदार, दमट हवेखाली पाचरीसारखी घुसते, पाऊस कोसळतो आणि वारा उलटा फिरतो. समजा, किनारा १५० कि.मी. उरला असताना ही आघाडी भेटली आणि वारा ताशी २० कि.मी. वेगाने समोरून आला. आता जमिनीच्या सापेक्ष वेग फक्त १५. पहिल्या ८५० कि.मी.ला साडेपंधरा तास, उरलेल्या १५० ला दहा तास. एकूण साडेपंचवीस. दीड तासाचे इंधन शिल्लक! ज्याने अडीच ग्रॅमच साठवले होते, तो किनाऱ्याला पोचत नाही. (प्रत्यक्षात शेवटी शेवटी पक्षी स्वतःचे स्नायूही जाळतो, आणि वजन घटत जाते तशी शक्तीही कमी लागते, आपला हिशेब ढोबळ आहे.) जे पोचतात ते पहिल्या झाडावर अक्षरशः कोसळतात. एकेका तुतीवर दहा-दहा रंगांचे पक्षी, गवतात माणसाच्या पायांशी टॅनेजर. निरीक्षक याला 'फॉलआउट' म्हणतात आणि त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहतात. मला या आनंदाचे थोडे नवल वाटते. आपली पर्वणी ती पक्ष्यांची आपत्ती. चांगला मार्गदर्शक अशा वेळी लोकांना पायवाटेवरच थांबवतो आणि आवाज करू देत नाही, कारण उडवून लावलेल्या पक्ष्याजवळ उडायला काही उरलेले नसते.

गंमत अशी की, हे पक्षी आखात ओलांडतात हेच एके काळी वादग्रस्त होते. १९४५ साली जॉर्ज विल्यम्स यांनी शंका घेतली: पक्षी समुद्रावरून येत असतील तर चांगल्या हवेत किनारा रिकामा कसा? ते किनाऱ्याकाठाने वळसा घालून येत असावेत. लुइझियानाचे जॉर्ज लाउरी यांनी त्याच पुराव्याचा उलटा अर्थ लावला: किनारा रिकामा, कारण पक्षी वरून पुढे जातात. १९४८ मध्ये त्यांनी युकातानच्या प्रोग्रेसो गावी पूर्ण चंद्रावर दुर्बीण रोखली आणि चंद्रबिंबासमोरून जाणाऱ्या पक्ष्यांच्या सावल्या मोजल्या. पुढे १९६० च्या दशकात सिडनी गोथ्रो यांनी लुइझियानातील हवामान-रडारच्या पडद्यावर समुद्रावरून येणारे पक्ष्यांचे थवेच दाखवले. रडारची लहर पावसाच्या थेंबावरून परतते तशी पक्ष्याच्या शरीरावरूनही परतते. आज अमेरिकेतील रडारजाळ्याच्या आधारे रात्रीच्या स्थलांतराचे अंदाजही वर्तवले जातात.

मग सहलीची सकाळ वाया जाते का? नाही. तेथील स्मिथ ओक्स अभयारण्याच्या तळ्यात गुलाबी चमचे आणि बगळे घरटी करतात. खाली पाण्यात अ‍ॅलिगेटर असतात. ते पडलेले पिलू खातात; पण अंडी चोरणारे रॅकून त्यांच्या भीतीने पोहून येत नाहीत. तेव्हा पक्ष्यांना हा शेजार परवडतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक उदाहरण तुमच्यासाठी. तीच ३ ग्रॅम चरबी, तोच पक्षी, पण आघाडी किनाऱ्यापासून ३०० कि.मी.वर भेटली. एकूण किती तास लागतील, आणि २७ तासांची शिदोरी किनाऱ्यापासून किती अंतरावर संपेल?